नाव बदलल्याशिवाय अप्रूव्ह नाही

हॅलो?… हां अक्का, बोल.

…हो, ब्लॉकर मीच टाकलाय. रिलीज अडवणारी लाल खूण माझीच आहे.

…नाही, चुकून नाही पडला. सिस्टिमनं परत विचारलं की, खरंच ब्लॉक करायचंय का म्हणून. तेव्हाही हो म्हटलं.

…थांब, थांब. एक मिनिट. विमान चाललंय डोक्यावरून…

…

…हां, गेलं. येलहंकात राहायचं म्हणजे हे आलंच. एअर फोर्सवाल्यांचा सराव सुरू झाला की मीटिंगमधे मी नुसतं तोंड हलवतो, तुम्हाला वाटतं माझं नेट गेलं. बोल आता.

…वाचलं. तुझं उत्तर वाचलं. एवढा मोठा ब्लॉकर टाकला, आणि खाली तू लिहितेस, ‘प्रणीत, जेवलास का?’ सगळी टीम वाचते ते.

…जेवलो की. चित्रान्न. खालच्या घरमालकीण शिवलीला आंटींनी वर पाठवलं. पण भूक लागली म्हणून नाही टाकलेला तो.

…तू ऑफिसातच आहेस ना? तनय शेजारी आहे का? मी स्पीकरवर नाही ना?… बरं. मग मोकळं बोलतो.

…हो, हो. कबूल. सकाळपासून तुझ्या कोडवर मी कॉमेंटचा पाऊस पाडलाय. एकदम कबूल. ओळ लांब झाली, इथं स्पेस नाही, नावांत इथं अंडरस्कोर, तिथं कॅमल केस, एका फाइलमधे दोन पद्धती… अगं हसतेस काय? मला कॉलेजात कुणी शिकवलं नाही हे. दुसऱ्यांचं कोड वाचून वाचून शिकलो, त्यामुळं नियम दिसला की धरून बसतो. तुमच्यासारखं ‘चालतंय की’ म्हणायला मला अजून जमत नाही.

…बरं, ऐक की. ते सगळं मागे घेतो. आत्ता, तुझ्याशी बोलता बोलता घेतोय, बघ स्क्रीनवर. लांब ओळी, राहू देत. अंडरस्कोर, राहू दे. ‘नो कॅश’ बरोबर ‘फॉल्स’, म्हणजे कॅश नको असं नाही, म्हणजे कॅश पाहिजे… डोकं फिरतं माझं, पण राहू दे तेपण. तू म्हणालीस ना, आपल्या कोडच्या लायब्ररीत पहिल्यापासून तसंच आहे, लोकांना सवय झालीय. मान्य.

…नाही. तो एक नाही. तो राहणार.

…‘सेफ रिट्राय’ ह्या नावावरचा. हां, तोच.

…सकाळी मायनर म्हणून टाकला होता, बरोबर. दुपारी ब्लॉकर केला.

…कारण सकाळी घाबरलो, दुसरं काय? आपल्यात मायनर लिहिलं की समोरचा वाचतो, बरं म्हणतो आणि पुढं जातो. कुणाचं काही अडत नाही. तुझ्या कोडवर ब्लॉकर टाकायला माझा हातच गेला नाही, अक्का. तू मला इथं आणलंस. निपाणीत मोबाइलच्या दुकानात बसून मी फोरमवर उत्तरं लिहायचो, ती वाचून तू विचारलंस, नोकरी करतोस का म्हणून. डिग्री नाही म्हटलं तर म्हणालीस, मी बोलते. आणि तुझ्याच कामाला मी लाल खूण लावू? म्हणून लावली ती बारकी लावली, आणि बाकीच्या चिल्लर कॉमेंटच्या मधे सारून दिली. म्हटलं, तुझी नजर पडेल, तूच बदलशील, मला बोलायला नको.

…हो ना. आणि तू त्या सगळ्यांना एकच उत्तर दिलंस, ‘पुढच्या वेळी बघू.’ तुझी काय चूक? मीच एवढा कचरा टाकला वरती.

…मग दुपारी कस्तुरीचा मेसेज आला.

…कस्तुरी गं, चामराजपेटची. ते औषधांचे होलसेलवाले आहेत ना आपले, सगळ्या मेडिकल दुकानांना माल पुरवतात, त्यांच्याकडं एकटीच प्रोग्रामर आहे ती. आपला डेटाबेस, त्याच्याशी बोलणारी आपलीच लायब्ररी, सगळं तीच बघते. तिनं सपोर्टच्या चॅटवर विचारलं. खूश होती. म्हणाली, आमच्याकडं मार्केटात नेट सारखं जातं, ऑर्डर अर्धवट अडकतात, तर नव्या व्हर्जनमधे तुम्ही सेफ रिट्राय आणताय ते बरं झालं, ऑर्डरींना मी तो चालू करून ठेवते. सेफ आहे म्हटल्यावर टेन्शन नाही.

…हां. ‘टेन्शन नाही.’ तिचे शब्द.

…नाही, मी काही बोललो नाही तिला. थांबा, विचारून सांगतो, एवढंच लिहिलं. कस्टमरला परस्पर काही सांगायचं नाही हे माहितीय मला. पण मग मी करून बघितलं. तिच्यासारखी एक ऑर्डर टाकली, आणि उत्तर यायच्या आत वायफाय बंद केलं. परत चालू केलं. बघतो तर दोन ऑर्डरी.

…अगं, तसंच होणार, मलाही माहितीय. ऑर्डर पोचली होती, नुसतं ‘पोचली’ हे उत्तर यायचं राहिलं होतं. लायब्ररीला वाटलं गेलीच नाही, तिनं परत पाठवली. तो पर्याय चालू केला की त्याचं कामच ते आहे. कोडमधे चूक नाही, मी कुठं म्हणतोय चूक आहे? वाचताना, नुसतं वाचताना चालतं ते, दोनदा वाचलं म्हणून काय बिघडतं? लिहिताना नाही चालत.

…माहितीय. नाव तू ठेवलंस तेव्हा ते खरंच सेफ होतं. जुने बदल बघितले मी. तेव्हा प्रत्येक ऑर्डरला वेगळा नंबर जात होता, तोच नंबर दुसऱ्यांदा आला की सर्व्हर सोडून द्यायचा. मग सर्व्हरवाल्यांचं काम लांबलं, तू तो नंबर काढलास आणि नाव मागे राहिलं. कुणाच्याही हातून राहिलं असतं. तनयनंपण पास केलं की.

…डॉक्समधे लिहिलंय?… लिहिलंय, हो. तिसऱ्या परिच्छेदात. बघितलं मी.

…अक्का, डॉक्स कोण वाचतं?… तू वाचतेस. बरोबर. तू सोडून?

…

…एक मिनिट हां. आंटी, मोटर? सरी, सरी, बरं, मी बंद करतो, स्वल्प थांबा… टाकी भरली वाटतं, जिन्यावरून पाणी चाललंय. थांब, बोलत राहा, मी चालता चालता ऐकतो…

…हां… हां… नाही, ‘पुढच्या व्हर्जनमधे बदलू’ हे होत नाही. हे तूच शिकवलंयस मला. एकदा नाव बाहेर गेलं की ते आपलं राहत नाही, लोकांच्या कोडमधे जाऊन बसतं. उद्या आपण बदललं तर त्यांचं चालू काम मोडतं, आणि नाही बदललं तर तो खोटा बोर्ड आयुष्यभर तिथंच. आज आहे तोवर आपल्या हातात आहे. चारला रिलीज गेलं की संपलं.

…मोटर बंद केली. चप्पल भिजली. बोल.

…स्लाइड्स गेल्यात सगळ्यांना, माहितीय. डेमो ठरलाय, तेपण माहितीय. स्लाइडवर काय, एक ओळ आहे.

…बरं, एक नाही, दोन.

…मग काय झालं? परवा तनय जेवताना सांगत होता, मागच्या वर्षी लोगोचा निळा रंग बदलला म्हणून सगळ्या स्लाइड्स परत पाठवल्या होत्या. निळ्या रंगासाठी पाठवता येतात, तर ह्याच्यासाठी येतील की.

…हो. तुला काढता येतो माझा ब्लॉकर. तू ओनर आहेस, तुझ्याकडं बटण आहे. काढ. मी आरडाओरडा करणार नाही, कुणाकडं जाणार नाही, रुसणार पण नाही. पण मी स्वतः मागे घेणार नाही.

…फरक आहे. तू काढलास तर रिलीज जाईल, आणि तिथं दिसेल की एकजण नको म्हणत होता. मी मागे घेतला तर दिसेल की सगळे हो म्हणाले. मी हो म्हणत नाहीये, अक्का.

…

…हॅलो? आहेस ना?

…हां. मला वाटलं लिफ्टमधे गेलीस.

…ते माहितीय मला. पुढच्या आठवड्यात. योगीराज सरांच्याच हातात आहे ते पण माहितीय. पर्मनंट करायचं की घरी पाठवायचं.

…‘हळू आहे’ म्हणाले? माझ्याबद्दल?… बरं. आहे मी हळू. खोटं नाही ते.

…नाही, ऐक. तू माझ्यासाठी बोलतेयस हे मला कळतंय. दुसरं कुणी असतं तर सरळ बटण दाबून मोकळं झालं असतं, फोन करून समजावत बसलं नसतं. पण तूच विचार कर, मला पर्मनंट कशाला करायचंय? रिव्ह्यू करायलाच ना? मग पर्मनंट होईपर्यंत खोटे रिव्ह्यू करू, आणि झाल्यावर खरे करू, असं असतं का?

…मोठेपणा नाही करत गं. काल घरभाडं वाढवायचं म्हणत होत्या आंटी. मी निपाणीला परत जाऊन काय करणार, स्क्रीनगार्ड चिकटवणार? तरीपण सांगतोय.

…कस्तुरीचं एकच चित्र डोळ्यासमोर येतं. नेट जातं, ऑर्डर दोनदा लागते, एका दुकानात इन्सुलिनचे दोन खोके जातात आणि दुसऱ्या दुकानाला सांगतात, स्टॉक संपला. त्या दुसऱ्या दुकानात कोण उभं असेल? आणि कस्तुरीला बोलणी बसणार. ती काय सांगणार साहेबाला, त्यांनी सेफ म्हटलं होतं?

…

…हो. आम्हीच म्हटलं होतं. आपणच.

…बरं, मग काय नाव? मी लिहिलंय की कॉमेंटमधे. ‘रिट्राय राइट्स मे डुप्लिकेट’.

…हस. हस तू.

…धमकी दिल्यासारखं?… थोडं आहे तसं. मला नावं ठेवायला जमत नाही. आमच्या कुत्र्याचं नाव नुसतं कुत्रा आहे घरी.

…काय? परत सांग. ‘रिसेंड राइट्स’. आणि मुळात बंद ठेवायचा, ज्याला पाहिजे त्यानं हातानं चालू करायचा. …हे चांगलं आहे, अक्का. जे करतो तेच म्हणतो. परत पाठवतो, बस. सेफबिफ काही नाही. माझ्यापेक्षा लई चांगलं.

…नुसतं म्हणून बघितलंस? म्हणजे बदलणार नाहीस?

…साखरपुडा, हो, सांगितलं होतंस. उद्या दुपारी ना? धाकट्या भावाचा. आणि बस संध्याकाळी मडिवाळ्यातून. …मग तू जा की. तू बस सोडू नको. मी बदलतो सगळं. कुठं कुठं आहे ते शोधून ठेवलंय. मुख्य कोड, टेस्ट, डॉक्स, उदाहरणं आणि पायथनचा भाग. तासाभरात होईल. तू बसमधे बसून नुसतं नजरेखालून घाल.

…जावा? जावाचा भाग तर ह्यातूनच तयार होतो ना?

…वेगळा बिल्ड होतो? दुसऱ्या टीमकडून?

…हे मला माहीत नव्हतं.

…त्यांची टेस्ट रात्रभर चालते. हां. आणि ते शनिवारी नसतात. म्हणजे सोमवार.

…

…म्हणजे तासाभरात नाही. म्हणजे आजचं रिलीजच गेलं.

…थांब, कॅलेंडर बघतो.

…मला वाटलं होतं उशीर झाला तर संध्याकाळपर्यंत होईल. सोमवार म्हणजे डेमो पण जुन्या व्हर्जनवर करावा लागणार. तुझं नाव आहे ह्या रिलीजवर, पहिल्यांदा एकटीचं आहे. …हो, मला कळतंय मी काय मागतोय ते. आत्ता कळलं.

…तरीपण तेच. नाव बदलल्याशिवाय माझं अप्रूव्ह नाही. सोमवार तर सोमवार.

…अक्का, शिव्या दे, पण हळू दे, तनय ऐकेल.

…

…कुणाला? योगीराज सरांना? आत्ता?… मग मला पण घे कॉलवर. तू नको सांगूस. तू सांगितलंस तर ते म्हणतील तुझं काम वेळेत झालं नाही. मी अडवलंय, मीच सांगतो. …अगं विजापूरचे आहेत, मराठी बोलतात चांगलं, मला इंग्रजीत अडखळायला नको. घे, जोड.

…

…

…नमस्कार सर. प्रणीत बोलतोय. …प्रणीत, सर, लायब्ररीच्या टीममधला. …हो, तोच. …येलहंकातून, आज घरून करतोय.

…हो सर. मी थांबवलंय.

…नाही सर, मॅडमनी मला काढायला सांगितलं होतं, मी नाही म्हटलं. त्यांचा काही संबंध नाही.

…सांगतो सर. कोडचं नाही सांगत, दोन मिनिटांत होईल. आपण दर्शिनीत जातो ना सर, पैसे भरले की टोकन मिळतं. टोकन घेऊन डोसेवाल्याकडं जायचं. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही तर आपण परत टोकन दाखवतो. तो म्हणतो, कळलं रे, तुझाच टाकलाय. दुसरा डोसा टाकत नाही. …हां. आपलं आधी तसं होतं सर. आता टोकन काढून टाकलंय, तोंडानं सांगायचं. आणि ऐकलं नाही वाटलं की आपली लायब्ररी परत ओरडते, एक मसाला. तो दुसरा टाकतो. आणि बाहेर बोर्ड तोच आहे, टोकनवाला. सेफ.

…डोसा असता तर खाऊन टाकला असता सर. हे औषध आहे. चामराजपेटचे कस्टमर आहेत आपले, त्यांनी आजच विचारलंय, ऑर्डरींना चालू करू का म्हणून.

…नाही सर, बग नाही. जे करायचं तेच करतंय ते. नाव चुकीचं आहे फक्त.

…‘फक्त’ माझ्या तोंडातून गेलं सर. फक्त नाही.

…त्यांना कुणी सांगितलं सेफ आहे म्हणून? आपणच सर. स्लाइडवर.

…सोमवार. …हो सर, आज नाही होत. मी आधी तासाभरात होईल म्हटलं होतं, ते चुकलं माझं. मॅडमना बरोबर माहीत होतं.

…हो सर. पुढच्या आठवड्यात आहे माझं. लक्षात आहे.

…ते वेगळं सर, हे वेगळं. त्याच्यात तुम्ही म्हणाल ते. ह्याच्यात मी अप्रूव्ह देणार नाही.

…हो. मॅडमना अधिकार आहे काढायचा. मी त्यांना तसं सांगितलंय.

…

…

…सर?… हॅलो?… सर, आवाज येतोय का?

…अक्का, सर गेले का?

…ठेवला? तसाच?… मधे तू काय बोललीस, मला ऐकू नाही आलं, ते विमान परत आलं होतं. काय म्हणालीस?

…तू असं म्हणालीस? ‘मी नाही काढणार तो’?

…

…आणि सर?

…‘मग तुम्ही दोघं बघा.’ म्हणजे काय? हो म्हणाले की नाही म्हणाले?… चिडून म्हणाले की साधं?

…तुला पण नाही कळलं. बरं.

…नाही, मी ठीक आहे. तुझी बस कितीची आहे? …मग निघ की, मडिवाळ्यापर्यंत ट्रॅफिक… भाऊ सकाळी साडेनऊला स्टँडवर घ्यायला येणार ना, त्याला तू नाही दिसलीस तर… बरं, उद्याची सकाळची बस. पण साखरपुडा दुपारी ना? पोचशील का?… विमान? अगं महाग पडेल… बरं. तुझं तू बघ. मी काही बोलत नाही.

…कस्तुरीला मी कळवू? ‘चालू करू नका, सोमवारी नवीन नावानं येतंय’ असं?… तू लिहून देतेस. पाठव, मी जसंच्या तसं टाकतो. पायथन आणि डॉक्स माझ्याकडं. जावावाल्यांना तू गाठ, ते घरी जायच्या आत. मला ते ओळखत पण नाहीत.

…अक्का? टकटक आवाज कसला येतोय?

…नाव बदलायला सुरू पण केलंस?

…बरं, मग मी ठेवतो.

…नाही, ठेवतो. फोन खांद्यात धरून टाइप करतेयस तू, कळतंय आवाजावरून. दोन्ही हात लागतील तुला.